फ्रिजच्या उजेडाआधीची दुपार

बिंज इटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाण्याचा विकार, असलेलं पात्र कथा-कादंबरीत आलं की वाचकांचे दोन तट ठरल्यासारखे पडतात. एक तट म्हणतो, असलं काही लिहूच नका. लिहायचंच असेल तर खाण्याचा प्रसंग गाळा, ज्यांना हा आजार आहे त्यांना तो वाचणं सोसणार नाही. दुसरा म्हणतो, लेखकाने काय लिहावं हे डॉक्टरांनी सांगू नये. प्रसंग जितका उघडावाघडा तितकं लेखन प्रामाणिक. भांडण कडाक्याचं होतं, पण दोघांचीही नजर एकाच ताटावर खिळलेली असते: पात्राने किती खाल्लं आणि त्यातलं किती दाखवावं. माझ्या मते या आजाराच्या कथेत ‘किती’ हा सगळ्यांत कमी कामाचा प्रश्न आहे. विचारायला हवं ते ‘केव्हा’. रात्री साडेअकराला फ्रिजचं दार उघडतं, तो प्रसंग आपण पुष्कळदा वाचलेला आहे. त्या दिवशी सकाळी काय ठरवलं होतं, दुपारी काय झालं, दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत कसा भरला, हे जवळजवळ कुणी लिहीत नाही. आणि आजार मुक्कामाला असतो तो तिथेच.

आधी आजार नेमका काय ते पाहू, कारण निम्मं भांडण शब्दाच्या ढिलाईमुळे होतं. लग्नात पाच जिलब्या जास्त खाल्ल्या, याला बिंज म्हणत नाहीत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 साली लठ्ठ रुग्णांच्या खाण्याच्या तऱ्हा नोंदवताना ताबा सुटलेल्या खाण्याच्या झटक्यांचं वर्णन केलं होतं. तरी अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, 1994 साली हा विकार ‘अजून अभ्यास हवा’ अशा परिशिष्टातच होता. स्वतंत्र निदान म्हणून तो मुख्य भागात आला 2013 साली. निकष दोन पायांवर उभे आहेत. ठरावीक वेळात, उदाहरणार्थ दोन तासांत, त्याच परिस्थितीत बहुतेक लोक खातील त्यापेक्षा उघडपणे जास्त खाणं, हा एक. खाताना ताबा सुटल्याची जाणीव, हा दुसरा. शिवाय पाचपैकी तीन गोष्टी दिसायला हव्यात: नेहमीपेक्षा फार भरभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं. हे आठवड्यातून सरासरी एकदा तरी, तीन महिने, आणि त्याचा मनाला स्पष्ट त्रास. उलट्या, जुलाबाची औषधं, कडक उपास यांनी खाल्लेलं ‘फेडायचा’ परिपाठ असेल तर तो बुलिमिया. इथे तो नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू झालेली आयसीडी-11 ही यादी तर आणखी एक पाऊल पुढे जाते. तिच्या लेखी खाल्लेलं मोजमापाने प्रचंड असलंच पाहिजे असं नाही. नेहमीपेक्षा वेगळं, जास्त आणि न थांबवता येणारं असलं तरी पुरे. दोन मोदकांवरही ताबा सुटू शकतो. ज्या आजाराचे वैद्यच ढिगाची उंची मोजायचं सोडू लागलेत, त्याच्या कथेत लेखक आणि टीकाकार मात्र ढीगच मोजत बसलेले दिसतात.

पहिल्या तटाचं म्हणणं हलक्यात घेण्याजोगं मुळीच नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासक एमिली ट्रॉशांको यांनी ‘बीट’ या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थेबरोबर वाचनाच्या परिणामांविषयी एक पाहणी केली. 885 जणांनी उत्तरं दिली, निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. एरवी आवडीच्या कथा-कादंबऱ्यांनी बरं वाटतं असं सांगणाऱ्या लोकांनीच, खाण्याच्या विकारांवरच्या कथांनी मात्र आपली मनःस्थिती, शरीराबद्दलची भावना आणि खाण्याच्या सवयी बिघडल्याचं कळवलं. काहीजण तर आजार वाढावा म्हणून मुद्दाम अशी पुस्तकं शोधत होते. हे लोकांनी स्वतः सांगितलेले अनुभव आहेत, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. तरीही ते झटकून टाकणारा लेखक मला बेफिकीर वाटतो.

पण यावरून ‘खाण्याचा प्रसंग गाळा’ हे कसं निघतं? अपाय नेमका कुठल्या तपशिलाने होतो, हे कुणी विचारणार आहे की नाही? आत्महत्येचं उदाहरण घ्या. जर्मन लेखक गटे याची, वेर्थर नावाच्या तरुण नायकाची कादंबरी 1774 साली आली. तिच्या नायकाचं अनुकरण करून लोक जीव देतात म्हणून लाइपझिग शहराने 1775 साली पुस्तकावर आणि नायकासारख्या पोशाखावरही बंदी घातली. दोनशे वर्षांनी, 1974 साली, समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी वृत्तपत्रांतल्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे दाखवलं आणि त्या परिणामाला वेर्थरचंच नाव दिलं. मग वृत्तपत्रांना कुणी ‘हा विषयच नको’ असं सांगितलं का? जगभरच्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा वेगळा आहे: पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, एकच कारण चिकटवू नका. व्हिएन्नातल्या अभ्यासकांनी 2010 साली त्याची दुसरी बाजूही दाखवली. संकटातून माणूस कसा निभावला हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्या घटल्याचं त्यांना आढळलं. विषय तोच, तपशिलाची निवड वेगळी.

तोच चाळणीचा नियम इथे लावून पाहा. खाण्याच्या विकारात ‘पद्धत’ म्हणजे काय? शेव कशी खावी हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिकता येतं ते न खाणं: किती कॅलरींवर दिवस काढला, कुठलं जेवण कसं टाळलं, किती आठवड्यांत किती किलो उतरले, खाल्लेलं कसं बाहेर काढलं. आणि हे आकडे कुठे सापडतात? रात्रीच्या प्रसंगात सहसा नाहीत. ते सापडतात नायिका ‘सावरते’ त्या प्रकरणात. तिथे ती पहाटे उपाशीपोटी चालायला लागते, भात-साखर सोडते, काट्यावर दर सोमवारी आकडा खाली सरकतो, जुनी जीन्स कमरेला बसते. धोक्याची सूचना छापली जाते फ्रिजच्या प्रसंगासाठी; हे प्रकरण मात्र बिनसूचनेचं, प्रेरणादायी म्हणून वाखाणलेलं. ज्या वाचकाची काळजी वाहायची, त्याच्या हातात सुरी मुठीकडून दिली की पात्याकडून, एवढं तरी पाहायला नको का?

आता दुसरा तट. लेखक आरोग्यखात्याचं पत्रक लिहीत नाही, हे मान्यच. अप्रिय तपशील गाळून लिहिलेली आजाराची गोष्ट खोटी होते, हेही मान्य. माझी तक्रार वेगळी आहे: उघडावाघडा म्हणून जो प्रसंग ते लिहितात तो बहुतेक वेळा खरा नसतोच. त्यात पाकातली वेलची दरवळते, तुपाची धार चमकते, दातांखाली चकली कुरकुरते. पाककृतीच्या सदरात शोभेल असं हे वर्णन. ज्यांना हा आजार आहे ते सांगतात की पहिल्या काही घासांनंतर चव जाते. राहतो तो वेग. उभ्याने खाणं असतं, ओट्याशी, दिवा न लावता. फ्रिजमधला गार भात तसाच, मग पावाला जॅम, मग जॅम नुसताच, मग कालच्या पोळीवर साखर, मग दाण्याच्या कुटात गूळ कालवून, मग मॅगी कच्चीच. गोड-खारट, गरम-गार यांचा काही मेळ नसतो, आणि बऱ्याचदा एरवी न आवडणारी वस्तूही त्यात असते. डोकं सुन्न होतं, आणि काहींच्या बाबतीत तेच हवं असतं. दुसरीकडे, हा सगळा झटक्याचाच मामला असंही नाही. पुष्कळांची बिंज ठरवून होते: घरचे बाहेर जाणार तो वार माहीत असतो, सामान दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेलं असतं, ऑर्डर देताना दोघांचे चमचे मागितलेले असतात. ‘अचानक तिला काहीतरी झालं आणि ती खातच सुटली’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ही तयारी पाहिलेली नसते.

आणि दुसरा दिवस. शेवेचं अर्धा किलोचं पाकीट रात्री संपलं, तर दुकान उघडताच नवं आणायचं. पण नवं पाकीट भरलेलं असतं, आणि काल घरच्यांनी पाहिलं तेव्हा ते निम्मं होतं. म्हणजे त्यातली निम्मी शेव कुठेतरी जिरवायला हवी, मग रबर लावून ते जुन्या जागी ठेवायचं. ही निम्मी शेव टाकवत नाही, म्हणून तीही खाल्ली जाते. दिवाळीच्या डब्यातला लाडवांचा वरचा थर तसाच ठेवून खालचे काढायचे, वेष्टनं ओल्या कचऱ्याच्या तळाशी. ज्या घरात सासूबाईंना लाडवांची संख्या तोंडपाठ असते, तिथे तर हा अक्षरशः दुहेरी जमाखर्च. कादंबरीकाराला यापेक्षा चांगलं काय हवं? गुपित आहे, भीती आहे, हिशेब आहे, एकाच छताखाली माणसं आहेत. तरी आपण तीन पानं तुपाच्या धारेवर घालवतो.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाचा साचा आधीच तयार असतो, आणि तो दारूचा आहे. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून ताबा सुटलेला माणूस म्हणजे सुधाकर. पहिल्या प्याल्यात सर्वनाश, आणि सुटका एकच: तो प्याला पुन्हा ओठांना न लावणं. दारूच्या बाबतीत या रचनेत तथ्य आहे. तीच रचना अन्नाला लावली की ‘एकच लाडू’ तयार होतो. पहिला लाडू हे पतन, सगळे लाडू कायमचे बंद हा उद्धार. बिंज इटिंग असलेले अनेकजण स्वतःच ‘मला साखरेचं व्यसन आहे’ असं म्हणतात. अमेरिकेत 1960 साली सुरू झालेली ‘ओव्हरईटर्स अनॉनिमस’ ही चळवळ दारूमुक्तीच्याच बारा पायऱ्या वापरते आणि तिने आधार मिळालेली माणसं आहेत. त्यांचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. पण दारू सोडलेला माणूस उरलेलं आयुष्य गुत्त्याचा रस्ता टाळून काढू शकतो. अन्नाचा गुत्ता दिवसातून तीनदा ताटात वाढून येतो. आणि अन्नाच्या बाबतीत ‘कायमचं बंद’ हा उपाय अनेकदा आजाराचंच इंधन असतो.

याचे पुरावे जुने आहेत. 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा खाऊपिऊ कसं घालावं हे त्यांना शोधायचं होतं. ही माणसं रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यांतले काही पोट तट्ट फुगेपर्यंत खात आणि तरी तृप्त होत नसत. लोभी नव्हते, दुबळ्या मनाचेही नव्हते. तत्त्वासाठी सैन्यात जायचं नाकारलेली माणसं होती ती. पुढे 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी वेगळीच गंमत दाखवली. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग चवीची चाचणी म्हणून हवं तितकं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर कमी खाल्लं. सतत आवरून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण नियम मोडलाच होता. आपल्याकडे यासाठी प्रयोगाची गरज नव्हती म्हणा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ आणि ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ या दोन म्हणींत हर्मन-मॅक यांचा सारा निबंध मावतो.

इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो बहुधा घेतलाच जात नाही. बिंज इटिंगमध्ये अनेकांची बिंज आधी सुरू होते, डाएट मागाहून येतं; आणि बुलिमियाच्या मानाने दोन बिंजांमधला उपासही ढिला असतो. मग सगळा दोष उपासावर कसा टाकता? टाकता येत नाही, बरोबर. म्हणूनच मी ‘उपास’ न म्हणता ‘दुपार’ म्हणतो. त्या दुपारी टाळलेलं जेवण असेल, किंवा ऑफिसात गिळलेला अपमान असेल, किंवा चार दिवस न आलेला फोन असेल. या आजारावर परस्परसंबंधांवर भर देणारी एक मानसोपचार पद्धत आहे, इंटरपर्सनल सायकोथेरपी. तिच्यात खाण्याबद्दल फारसं बोलतच नाहीत. नात्यांतले तंटे, एकटेपणा, आयुष्यातले बदल यांवर बोलतात. विचार आणि वर्तन बदलण्याच्या सीबीटी पद्धतीच्या तोडीस तोड परिणाम तिने मिळतात. कादंबरीकाराला आणखी कुठला परवाना हवा? मात्र लेखकांची धाव उलट दिशेला, एखाद्या मोठ्या दडलेल्या कारणाकडे असते: बालपणीचा आघात, तो उलगडला की नायिका ढसाढसा रडते आणि दुसऱ्या दिवसापासून नीट जेवते. आघातांचा आणि या विकाराचा संबंध आहेच. पण आजार रोज जिवंत ठेवणारं चक्र बरंच किरकोळ असतं, आणि किरकोळ गोष्ट लिहायला हात जास्त मुरलेला लागतो.

वजनाच्या शेवटाबद्दल थोडक्यात. चांगल्या उपचारांनी पुष्कळांच्या बिंज थांबतात, वजन मात्र फारसं उतरत नाही. हा आजार असलेली सगळीच माणसं लठ्ठ नसतात आणि बहुतेक लठ्ठ माणसांना हा आजार नसतो. तेव्हा शेवटच्या पानावर नायिका बारीक दाखवणं म्हणजे एका आजाराची गोष्ट सुरू करून दुसऱ्याच गोष्टीला शेवट लावणं.

‘ज्या देशात लोक उपाशी झोपतात तिथे जास्त खाण्याचं दुःख कसलं लिहिता?’ हा प्रश्न मराठीत विचारला जाणारच, आणि तो विचारायचा हक्क मराठी साहित्याने भूक लिहून कमावला आहे. पण भूक आणि बिंज यांना विरुद्ध टोकांना बसवणं चुकीचं आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे अन्नपेढीवर येणाऱ्या लोकांचा अभ्यास कॅरोलिन बेकर आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केला. घरात अन्नाची खात्री ज्यांना सगळ्यांत कमी, त्यांच्यात बिंज जास्त आढळली. मिनेसोटातल्या तरुणांनीही तेच सांगितलं होतं. 1972 च्या दुष्काळात खडीच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेली आजी, ताटात शीत टाकू न देणारी, आणि त्याच स्वयंपाकघरात रात्री अंधारात उभा असलेला तिचा नातू: यांतल्या एकाचं दुःख खरं आणि दुसऱ्याचं चोचले, असं ठरवणारी कादंबरी सोपी होईल. दोघांनाही एका ओट्याशी उभं करणारी अजून लिहायची आहे.

मी नातू म्हटलं ते मुद्दाम. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्या स्त्रिया 3.5 टक्के आणि पुरुष 2 टक्के निघाले. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याच्या विकारात, ते प्रमाण 0.9 आणि 0.3 होतं. म्हणजे खाण्याच्या विकारांत पुरुष सगळ्यांत ठळकपणे कुठे असतील तर इथे, आणि कथांमध्ये ते जवळपास नाहीतच. आपल्याकडे त्यांना लपायला जागाही भक्कम आहे. बकासुराचा गाडाभर भात एकट्याने फस्त करणारा भीम, संस्कृत नाटकातला मोदकांवर जीव टाकणारा विदूषक, पंगतीतल्या जिलब्यांच्या पैजा. बाई जास्त खाते तेव्हा ती खादाड. पुरुष खातो तेव्हा खवय्या. रात्री डबे रिकामे करणाऱ्या माणसाला सकाळी ‘आमचे हे खवय्ये’ म्हणून कौतुक ऐकावं लागतं, आणि त्याची लाज त्या कौतुकाखाली गाडली जाते.

शब्दही मदतीला येत नाहीत. ‘भस्म्या झालाय का?’ असं घरात सहज विचारतात. पण आयुर्वेदातला भस्मक म्हणजे सगळं जाळून टाकणारी भूक, आणि इथे तर बऱ्याचदा भूकच नसते. ‘वखवख’, ‘अधाशी’, ‘हावरट’ या सगळ्यांत लोभ गृहीत आहे. ज्यांना हा आजार आहे ते बोलतात तेव्हा साधं म्हणतात: हात थांबत नाही. पात्रांच्या तोंडी हे वाक्य मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

मग अशा कादंबरीत घडेल तरी काय, कंटाळवाणी नाही का होणार? सीबीटीची पहिली पायरीच घ्या. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, दोहोंत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, घड्याळ पाहून. वहीत रकाने: वेळ, जागा, काय खाल्लं, मनात काय चाललंय. कॅलरी लिहायच्या नाहीत. बिंज झाली असं वाटलं तर समोर चांदणी काढायची, आणि सगळं खाताखाताच लिहायचं, रात्री आठवून नव्हे. आता रात्री बिंज झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोहे खायला बसवा. सगळं अंग सांगतंय की आज पाण्यावर राहायचं, हीच शिक्षा आणि हीच भरपाई. आणि कागद म्हणतोय, पोहे. याहून ताणाचा प्रसंग कुठला? दुपारी चार वाजता तो ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटा बसतो. समोर उपम्याची बशी. भूक नाही, शेजारच्या टेबलावरचा सहकारी ‘काय, डाएट सोडलं वाटतं’ म्हणून हसतो. तो तीन चमचे खातो, थांबतो, परत खातो. वहीत लिहितो: 4.10, कँटीन, उपमा. पुढचा रकाना तो भरत नाही. चांदणीची जागा मोकळीच आहे, आणि रात्र व्हायला अजून पाच तास आहेत.